पी०४२० कोड आणि एक झिजलेलं गॅस्केट

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तेव्हा गाडी नेहमीसारखीच पळत होती. स्कॅनर लावला तर पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा तेवढा धूर साफ करत नाही. गॅरेजमध्ये लगेच निकाल मिळाला, ‘कन्व्हर्टर गेला, नवा टाका.’ त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे धातू असतात, त्यामुळे तो महागच पडतो. खात्री पटल्याशिवाय बदलायला मन होईना.

खरं तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, कन्व्हर्टरला थेट तपासत नाही, अंदाज बांधतो. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. माझ्या गाडीत पहिल्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ असं सतत वरखाली होतं. कन्व्हर्टर ऑक्सिजन धरून ठेवतो, म्हणून दुसऱ्याचं ०.६-०.७ च्या आसपास जवळपास स्थिर राहायला हवं. दुसराही पहिल्यासारखाच हलू लागला, की कोड येतो.

इंजिन चांगलं तापवून दोन्ही आलेख एकाखाली एक लावून बघत बसलो. दुसऱ्याची रेषा बराच वेळ सरळ जायची, मधेच ०.१ पर्यंत कोसळायची, पुन्हा वर. आयडलिंगला हे जास्त, रेस केल्यावर कमी. कन्व्हर्टर संपला असता तर हेलकावे सलग दिसले असते. व्होल्टेज कोसळणं म्हणजे धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणून बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरतेय, असं वाटलं.

सकाळी थंड गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये). इंजिन बंदच ठेवून व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारलं. कन्व्हर्टरच्या अलीकडच्या फ्लँजवर, म्हणजे पाइप जोडणाऱ्या कडेवर, बारीक फेस उकळल्यासारखा वर आला. पुसलं, तर खाली नखाएवढा काजळीचा डाग. हाच तो लीक!

गंजलेले नट रात्रभर तेलात भिजवून सोडवले. जोड हवाबंद ठेवणाऱ्या गॅस्केटची एक कड पार खाऊन गेली होती. नवं गॅस्केट, नवे नट, दोन्हीकडून थोडंथोडं आवळत बसवलं.

कोड मग पुसला. पण पुसल्यावर ईसीयूच्या चाचण्याही शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे दिवा विझला म्हणून मी निर्धास्त झालो नाही. कन्व्हर्टरची चाचणी पूर्ण व्हायला चार दिवसांचं ये-जा लागलं. पाचव्या दिवशी स्कॅनरवर ती ‘पूर्ण’ दिसली, कोड नव्हता, आणि दुसरी रेषा ०.७ वर सरळ चालली होती. कन्व्हर्टर जुनाच आहे.