मंगळवारी पाय, रविवारी लांब पल्ला

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर सकाळी पळणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते. जिममध्ये पायांचा व्यायाम केला की पुढचे दोन-तीन दिवस धड पळता येत नाही, आणि पळून आलं की जिममध्ये पाय साथ देत नाहीत. मग दोन्हींतलं एक सुटतं, आणि सुटतं ते बहुतेक वेळा जिम. खरं तर हे दुखणं व्यायामाचं नसून वारांचं आहे. तेच स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन मारलेल्या बैठका, सोमवारी केले तर आठवडा बिघडतो आणि मंगळवारी संध्याकाळी केले तर काहीच बिघडत नाही.

पळणं आणि ताकद एकमेकांच्या आड येतात हे अगदी खोटं नाही. १९८० साली संशोधक रॉबर्ट हिक्सन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पायांची ताकद आणि सहा दिवस दमसासाचा व्यायाम, असं दोन्ही केलं. सुमारे सात आठवडे ताकद वाढली, मग थांबली आणि शेवटी उतरू लागली. दमसासाला मात्र धक्का लागला नाही. म्हणजे नुकसान झालं ते ताकदीचं, आणि तेही आठवड्याला अकरा सत्रं केल्यावर. दहा किलोमीटर किंवा हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला ताकदीची दोनच सत्रं लागतात. तेवढ्याने पळणं मंदावत नाही. उलट त्याच वेगाला कमी ऑक्सिजन लागतो.

आता वार ठरवू. नियम एकच: अवघड दिवस अवघडच ठेवायचा, सोपा दिवस खरोखर सोपा. मंगळवारी सकाळी इंटरव्हल (जोरात पळणं आणि थोडा आराम, आलटून पालटून) आणि त्याच संध्याकाळी जड वजनाने पायांचा व्यायाम, मध्ये निदान सहा तास. बुधवारी हळू पळणं, इतकं हळू की गप्पा मारता याव्यात. गुरुवारी सकाळी टेम्पो (न थांबता बराच वेळ थोडं जोरात पळणं), संध्याकाळी ताकदीचं दुसरं आणि थोडं हलकं सत्र. शुक्रवारी सुट्टी, शनिवारी पाच-सहा किलोमीटर निवांत, रविवारी लाँग रन, सोमवारी पुन्हा विश्रांती. अनेक जण दुसरं सत्र शुक्रवारी ठेवतात आणि तिथेच फसतात. पाय भरून येण्याचा जोर व्यायामानंतर साधारण २४ ते ७२ तासांत असतो, म्हणजे शुक्रवारचे लंजेस (एक पाय पुढे टाकून घेतलेल्या बैठका) नेमके रविवारी सकाळी मांड्यांत उतरतात.

अवघड दिवशी आणखी भार टाकायचा हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामुळेच बुधवार मोकळा मिळतो. मंगळवारी इंटरव्हल, बुधवारी स्क्वॉट, गुरुवारी टेम्पो अशी मांडणी केली की पायांना सावरायला एकही दिवस उरत नाही. संध्याकाळ जमत नसेल तर सकाळीच आधी पळा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, एक केळं खा आणि मग वजनं घ्या. हा क्रम उलटा करू नका. थकलेल्या मांड्यांनी वेगात पळताना पाऊल नीट पडत नाही, आणि त्याचा हिशोब गुडघा चुकता करतो.

सिंहगडाचं वेगळं सांगायला हवं. आतकरवाडीच्या वाटेने चढून उतरणं हा पायांचा पूर्ण दिवस आहे, तो ‘नुसतं चालणं’ म्हणून सोडून देऊ नका. चढताना धाप लागते म्हणून चढ अवघड वाटतो, पण मांड्या भरतात त्या उतारामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच वजन पेलत असतो आणि त्याचे तंतू सर्वांत जास्त दुखावतात ते अशाच कामात. ज्या रविवारी सिंहगड केला, त्या आठवड्यात मंगळवारचं सत्र निम्मं करा.

सत्रात काय करायचं? पळणारे इथे एक चूक सर्रास करतात. ‘आपल्याला दम हवा, ताकद नको’ म्हणून हलक्या वजनाने पन्नास-पन्नास बैठका मारतात. दमाचं काम तर पळण्यात होतंच आहे. जिममध्ये जे हवं ते पळण्यातून मिळत नाही, ते म्हणजे जड वजन, कमी रेप्स (एका व्यायामाची आवर्तनं) आणि भरपूर विश्रांती. सलग केलेल्या रेप्सचा एक सेट; दोन सेटच्या मधे दोन ते तीन मिनिटं बसा. सेट संपला तेव्हा आणखी दोन रेप्स निघाल्या असत्या इतकी ताकद मागे ठेवा. थरथरून खाली बसेपर्यंत सेट ओढला तर ताकद फारशी जास्त मिळत नाही, थकवा मात्र दोन दिवस राहतो. वजन पाहून अंग सुटेल ही भीती तर अजिबात नको. आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर पळणाऱ्याच्या मांड्या दोन सत्रांनी फुगत नाहीत.

मंगळवारी स्क्वॉट, पाच रेप्सचे तीन सेट. नवख्याने १२ ते १६ किलोचा डंबेल छातीशी धरून आठ-आठ रेप्सनी सुरुवात करावी, तंत्र बसलं की बारबेल, म्हणजे वजनं लावलेला लांब दांडा. मग रोमानियन डेडलिफ्ट (हातांत वजन धरून ते खाली नेणं आणि पुन्हा उभं राहणं), आठ रेप्सचे तीन सेट. यात वाकायचं नसतं, नितंब मागे सरकवायचे असतात, जणू हातात सामान आहे म्हणून मागचं दार ढुंगणाने लोटतोय. मांडीच्या मागे ताण आला की खाली जाणं थांबवा. जमिनीला हात लावण्याच्या नादात पाठ गोल होते आणि सगळा भार कमरेवर येतो.

गुरुवारी एका पायाची कामं. मागचा पाय बाकावर ठेवून बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट, प्रत्येक पायाला सहा रेप्स, दोन सेट. पुढचं पाऊल बाकाच्या फार जवळ असेल तर टाच उचलली जाते आणि गुडघ्याच्या वाटीपाशी दुखतं. पाऊल वीतभर पुढे घ्या. गुडघा आत कोसळत असेल तर वजन कमी करा, कारण कमरेच्या बाजूचे स्नायू तेवढं पेलायला अजून तयार नाहीत. त्यानंतर गुडघ्याएवढ्या उंचीवर स्टेप-अप, म्हणजे एक पाय वर ठेवून चढणं. खालच्या पायाने उडी घेऊन वर जायचं नाही, वरच्या पायानेच शरीर उचलायचं.

पोटरीवर मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण सगळ्यांत दुर्लक्षित तीच. पोटरीत दोन मुख्य स्नायू: वर दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्या खाली दडलेला सोलियस. पळताना सोलियसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. मिनिटाला १७० पावलं धरली तर तासभराच्या पळण्यात प्रत्येक पाय ५,१०० वेळा जमिनीवर पडतो. एवढं काम करणाऱ्या स्नायूला पळून झाल्यावर भिंतीला टेकून वीस सेकंद ताणणं पुरत नाही.

सोसायटीच्या जिन्यात पायरीच्या कडेवर चवडा ठेवा, कठड्याला बोट लावा आणि एका पायावर टाच वर-खाली करा. ताल दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली. असे पंचवीस जमत नसतील किंवा डाव्या-उजव्यात पाच-सहाचा फरक असेल, तर आधी तिथे काम आहे. पंचवीस जमले की पाठीवर सॅक घ्या. त्यात पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या घातल्या की १० किलो झाले, मग आठ ते बारा रेप्सचे तीन सेट. सोलियससाठी हेच बसून: गुडघे काटकोनात, मांडीवर वजन. गुडघा वाकलेला असला की वरचा स्नायू ढिला पडतो आणि काम सोलियसवर येतं. खाली गेल्यावर एक सेकंद थांबा. न थांबता उसळ्या मारल्या तर टाचेचा कंडरा रबरासारखा काम करतो आणि स्नायू नामानिराळा राहतो.

चढावरच्या छोट्या दौडी हाही ताकदीचाच भाग. वेताळ टेकडीकडे जाणाऱ्या एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) रस्त्यावर पहाटे आठ-दहा सेकंद पूर्ण जोराने, मग चालत खाली, असं चार ते सहा वेळा. हे बुधवारी घुसडू नका, मंगळवारच्या इंटरव्हलऐवजी करा. पावसाळ्यात टेकडीवरच्या मातीच्या वाटा निसरड्या होतात, म्हणून जून ते ऑगस्ट हा वजनं वाढवण्याचा काळ ठेवलेला बरा. डिसेंबरची पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन डोक्यात असेल तर हे गणित नीट जुळतं.

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट करा आणि पळण्याचं अंतर दहा-वीस टक्क्यांनी उतरवा. पहिल्या सत्रानंतर पाय दुखतात तसे तिसऱ्या-चौथ्यानंतर दुखत नाहीत, कारण स्नायू त्याच कामाला पटकन सरावतो. दर आठवड्याला व्यायाम बदलणाऱ्यांचे पाय कायम दुखतात ते यामुळेच. मग सगळ्या रेप्स नीट निघाल्या की अडीच किलो वाढवा. चौथ्या आठवड्यात वजन तेच, सेट निम्मे.

रविवारी लाँग रननंतर मंडळी पोहे आणि चहावर थांबतात. पोहे चांगलेच, पण त्यात प्रथिनं फार थोडी. वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम धरलं तर ६५ किलोच्या माणसाला दिवसाला शंभरेक ग्रॅम लागतात. दोन अंड्यांत बारा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, वाटीभर मटकीच्या उसळीत सात-आठ, पन्नास ग्रॅम सोया चंक्समध्ये पंचवीस. बेरीज करून पाहा, बहुतेकांची निम्म्यावर अडकते.

दोन्ही मांड्या सारख्या भरल्या असतील तर हळू पळायला हरकत नाही. टाचेच्या कंडऱ्यात दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या सकाळी पहिली पावलं कालच्यासारखीच पडत असतील तर व्यायाम चालू ठेवा. सकाळचा ताठरपणा वाढला तर वजन उतरवा. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल तर मात्र पळणं त्याच दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. हाडाला चीर असू शकते.

शर्यत जवळ आली की जड सत्र शेवटचं दहा दिवस आधी. पाच-सहा दिवस आधी एकदा, नेहमीच्या निम्म्या सेटमध्ये. शर्यतीच्या आधीचे चार दिवस वजनाला हात नाही. नवा व्यायाम तर शेवटच्या तीन आठवड्यांत नकोच, कितीही सोपा वाटला तरी. शर्यतीनंतर मांड्यांचं दुखणं उतरलं की पहिलं सत्र दोन सेटचं, आधीच्या वजनाच्या तीन चतुर्थांशावर. पुढची शर्यत लगेच असेल तर आठवड्याला एकच सत्र ठेवा. कमावलेली ताकद टिकवायला तेवढं पुरतं.