सामाईकातला काजू

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीतून फोन आला: काजू पिवळे पडतायत, पाणी कमी पडत असावं. मे महिना, त्यामुळे पटण्यासारखं होतं. पण बागेत जाऊन पाहिलं तर पिवळी झाडं सगळी एकाच कोपऱ्यात. पाण्याची ओढ अशी कोपरा निवडत नाही.

बुंध्याशी बसून पालापाचोळा बाजूला केला. जमिनीलगत सालीच्या भेगांतून लालसर भुसा, त्यात काळपट डिंक. रोठा! म्हणजे काजूचं खोड आणि मुळं पोखरणारी अळी. दुकानदाराचं ऐकून बागवाल्या काकांनी पानांवर फवारणी केली होती. अळी सालीआड आणि औषध पानांवर. पैसे तेवढे गेले.

पटाशी घेतली. इथं घाई नको. भुशाचा माग धरूनच साल काढायची. उगाच सगळीकडून सोलली तर अळीचं उरलेलं काम आपणच पुरं करतो. पांढरट, बिनपायाच्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या निघाल्या. मुळात शिरलेली एक तारेच्या आकड्यानं ओढावी लागली. मग हातमोजे घालून लिटरभर पाण्यात 10 मिली क्लोरपायरीफॉस (20 टक्के प्रवाही) मिसळून बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत आणि उघड्या मुळांना लावलं, कारण याच अळीचा पुढे होणारा भुंगेरा अंडी घालतो तो तिथेच.

मला खटकत होता तो शेजारचा वठलेला काजू. त्याचं लाकूड फोडलं तर आत चुनखडीसारखे पांढरे कोश, काहींत तयार भुंगेरे. हा उभा असेपर्यंत बाकीच्या झाडांवर कितीही औषध लावा, फुकट.

"हा आधी तोडा," मी म्हटलं.

"तो वाटो चुलत भावाचो, मॅडम. तो मुंबैक असता. तेका विचारल्याशिवाय कोयती लावूची नाय."

सातबारा सामाईक, वाटपाचा दावा कोर्टात, बोलणं बंद. यावरची फवारणी आमच्या कृषी खात्याच्या कुठल्याच पुस्तिकेत नाही. शेवटी फोन मीच लावला.

"लाकडाचे पैसे कोणाक गावतले?" पलीकडून पहिला प्रश्न.

भुंगेऱ्यांचे फोटो पाठवले. मग परवानगी मिळाली, पण लाकूड आपल्या खळ्यात रचून ठेवा म्हणाला. तेही चालणार नव्हतं. रचलेल्या ओंडक्यांतूनही भुंगेरे बाहेर पडतात. फोडून जाळायलाच हवं. बराच वेळ हुज्जत घातल्यावर तो म्हणाला, "बरा. पण जाळतांना माका व्हिडिओ कॉल करा."

संध्याकाळी मोकळ्या जागेत ओंडके पेटले. काका मोबाईल उंच धरून उभे, तोंडानं एक शब्द नाही. पलीकडून मात्र विचारणा चालूच होती, "आणि मुळां? मुळां खणलंस काय?"

काकांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि कुदळ आणायला गेले.