तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पेटीत दोन खिळे का आहेत

माझ्या टेबलावर किरी या झाडाच्या लाकडाची एक पेटी असते. घरी येणारा प्रत्येक जण ती उचलतो, हलकी कशी म्हणून चकित होतो आणि विचारतो, "तुम्ही तर जपानात साशिमोनो शिकलात ना, बिनखिळ्याचं सुतारकाम? मग कोपऱ्यात हे दोन खिळे कसे?" आजवर मी विषय बदलत आले. आता एकदाच सांगते.

आधी 'बिनखिळ्याचं' या शब्दाबद्दल. तो अर्धाच खरा आहे. किरीच्या पेट्यांत उत्सुगी या झुडपाच्या लाकडाचे बारीक खिळे वापरतात. वर्ज्य असतं ते लोखंड. लाकूड पावसाळ्यात फुगतं, थंडीत आकसतं. लोखंड जागचं हलत नाही, म्हणून फळी चिरते. शिवाय ते गंजतं. तोक्योत शिकताना एका फळीच्या टोकाला कोरलेला दात दुसरीच्या खाचेत घालण्याआधी हातोडीनं हलकेच ठोकून दाबायचो. त्याला 'किगोरोशी' म्हणतात, म्हणजे लाकूड मारणं. दाबलेला दात सरळ आत जातो आणि ओल लागली की फुगून खाच गच्च धरतो.

ही माझी पहिली पेटी, जी सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या गुरूंनी, पुन्हा बनवायला लावली नाही. ती मी चिपळूणला बाबांना दिली. त्यांनी तीत आईची नथ ठेवली. श्रावणात मंगळागौरीसाठी वहिनीला नथ हवी होती आणि झाकण हलेना. दमट हवेत किरी फुगून पेटी घट्ट बंद होते, तिचा गुणच तो. दोन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवली असती तर उघडली असती. हे मला ठाऊक होतं. पण सगळे भोवती उभे होते, दादा म्हणाला, "हिला उघडायला जपानला न्यायची का?" आणि मी काठाशी स्क्रूड्रायव्हर घातला. कट्. कोपऱ्याचे दोन दात मोडले. नथ निघाली. कोणी काही बोललं नाही.

सकाळी उठले तर पेटी ओसरीवर, कोपऱ्यात दोन खिळे. बाबा म्हणाले, "आता नाही हलायची." मी ओरडले. "लोखंड मारलंत? मला विचारायचंत तरी!" ते म्हणाले, "मोडकी ठेवू का तशीच?" मी त्या दिवशी जेवले नाही.

थंडीत खिळ्यापासून बोटभर चीर गेली. मी फोनवर म्हटलं, "बघा, सांगितलं होतं." बाबा म्हणाले, "पण झाकण बसतं ना?"

बसत होतं. अजूनही बसतं.

बाबांनंतर पेटी पुण्याला माझ्याकडे आली. खिळे उपसून तिथे नवा तुकडा बसवणं हे माझं दोन दिवसांचं काम. तेव्हाची मी म्हणते, काढ, शिकलीस कशासाठी? मी तिला विचारते, दात मोडले कोणी? त्यावर ती म्हणते, म्हणून चूक तशीच राहू द्यायची? याला माझ्याकडे उत्तर नाही. लाकडाच्या बाबतीत मी बरोबर होते, हे मी आजही सोडणार नाही. खिळ्यांभोवती गंजाचं काळं वर्तुळ पडलंय, ते मला रोज दिसतं.

पुण्याच्या कोरड्या हवेत, गेल्या थंडीत, चीर तांदळाच्या दाण्याएवढी पुढे सरकली. तिच्या टोकाशी मी पेन्सिलीनं तारीख घातली आहे.