बोटं कळत नाहीत

एक पडदा ठाण्याला तलावपाळीवर, दुसरा कोल्हापूरला रंकाळ्यावर, थेट व्हिडिओनं जोडलेले. इथल्यांनी तिथल्यांना बघायचं, हात करायचा. १९८० साली कलाकार किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ यांनी उपग्रहावरून न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधले रस्त्यावरचे लोक असेच समोरासमोर आणले होते, आणि त्यांना एकमेकांचा आवाजही येत होता. आमच्या आयोजकांनी मात्र माइक काढायला लावले, लोक शिव्या देतील म्हणून. २०२४ मध्ये डब्लिन आणि न्यूयॉर्कला जोडणाऱ्या ‘पोर्टल’ या अशाच पडद्यावर धिंगाणा झाला तेव्हा तिथे आवाज नव्हताच, हे मी सांगून पाहिलं. ऐकलं नाही.

कॅमेऱ्यावर मात्र मी हटले नाही. तो पडद्याच्या वर टांगला की समोरचा माणूस आपल्या डोळ्यांत बघतच नाही. म्हणून पडद्याच्या एलईडी भिंतीतला एक तुकडा काढून लेन्स डोळ्यांच्या उंचीवर बसवली. संध्याकाळी गर्दी वाढली की मोबाइल नेटवर्क गुदमरायचं, तेव्हा सेकंदाला २५ऐवजी १२ फ्रेम्स, म्हणजे चित्रं, पाठवायचो. चित्र सुंदर राहायचं. कुणाची तक्रार नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी पाच-सहा मुलं-मुली पडद्यासमोर भराभर हातवारे करत होती. पलीकडेही तसाच घोळका. त्यातला एक माझ्याकडे आला आणि मोबाइलवर टाइप करून दाखवलं, ‘बोटं कळत नाहीत.’

दिवेलागणीनंतर कॅमेऱ्याचं ऑटोवरचं शटर मंदावतं आणि हलता हात पुसट होतो, त्यात फ्रेम्स निम्म्या. दोष पलीकडच्या कॅमेऱ्याचा, म्हणून रंकाळ्यावरच्या सहकाऱ्याला फोन लावला. शटर १/१०० सेकंदावर बांध. ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली पट्टेही येणार नाहीत. चित्र काळवंडलं. गेन, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवू नकोस, नॉइज, म्हणजे चित्रात दाणे, आला की तोच सगळा डेटा खातो. मंडपवाल्याकडून दोन फोकसचे दिवे घे. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० कर, फ्रेम्स २५ कर. इकडेही तेच केलं.

चित्र भरड झालं, पण हात उमटले. पलीकडच्या मुलीनं बोटांनी काहीतरी सांगितलं आणि इकडचे सगळे एकदम हसले. ‘चित्र खराब केलंत, आणि बाकीच्यांनाही जागा द्या,’ असं आयोजक म्हणाले. मी पडद्यापुढून कुणालाही हलवलं नाही. पाऊण तास ती मुलं बोलत होती.

आदल्या संध्याकाळीही एक जोडपं असंच हात हलवत उभं होतं. मला वाटलं, टाटा करताहेत. दोन-तीनदा त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मग निघून गेले.