डेटाबेससाठी लिनक्स लावताना

नवा सर्व्हर आला की त्यावर लिनक्स चढवायचे, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल बसवायचे आणि उरलेला सगळा वेळ डेटाबेसच्या स्वतःच्या सेटिंग्जवर घालवायचा, अशी आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे. खालच्या कर्नलकडे, म्हणजे मेमरी आणि डिस्क सांभाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याकडे, फारसे कोणी पाहत नाही. लिनक्सची मूळ सेटिंग्ज सर्व प्रकारच्या कामांना साधारण चालतील अशी ठेवलेली असतात. डेटाबेस मात्र कर्नलने दिलेल्या शब्दावर पूर्णपणे विसंबून असतो आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

मेमरीचेच पाहा. एखाद्या प्रोसेसने मेमरी मागितली की कर्नल बहुतेक वेळा लगेच होकार देतो. प्रत्यक्ष रॅम मात्र त्या मेमरीला हात लागेल तेव्हाच खर्ची पडते. लोकलचे पास देताना रेल्वे डब्यातली बाकडी मोजत नाही, कारण सगळे पासधारक एकाच गाडीला येत नाहीत. कर्नलचा हिशेबही तसाच आहे. महिनाअखेरीस सगळे मोठे अहवाल एकदम चालू झाले की हा हिशेब कोलमडतो आणि कर्नलचा ओओएम किलर सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस शोधून मारतो. डेटाबेस सर्व्हरवर ती बहुधा डेटाबेसचीच निघते. मायएसक्यूएल ही एकच प्रोसेस असल्याने सगळेच बंद पडते. पोस्टग्रेसमध्ये एका कनेक्शनची प्रोसेस अशी मारली गेली, तरी सामायिक मेमरीची खात्री उरत नाही म्हणून मुख्य प्रोसेस बाकीची सर्व कनेक्शन तोडते आणि लॉगवरून, म्हणजे बदलांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदीवरून, रिकव्हरी सुरू करते.

म्हणून ज्या मशीनवर फक्त पोस्टग्रेस आहे, तिथे मी ओव्हरकमिटचे, म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करण्याच्या सेटिंगचे, मूल्य ० वरून २ वर नेतो. मग मर्यादा संपल्यावर कर्नल सरळ नकार देतो, एकच क्वेरी त्रुटी देऊन थांबते आणि बाकीचे काम चालू राहते. मात्र ही मर्यादा म्हणजे स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) अधिक रॅमचा ठरावीक टक्का, आणि तो टक्का मुळात ५० असतो. स्वॅप लहान असेल, तर तो टक्का न वाढवता २ हे मूल्य देणे म्हणजे विकत घेतलेली जवळपास अर्धी रॅम अडवून ठेवणे. स्वॅप पूर्ण बंद करण्याची टूम मला पटत नाही. स्वॅपिनेस, म्हणजे कर्नलचा स्वॅप वापरण्याकडचा कल, ६० वरून १ किंवा १० वर आणणे पुरेसे आहे.

डिस्कच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. व्यवहार पक्का झाला असे डेटाबेस सांगतो, ते एफसिंकने, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरवायला कर्नलला सांगणाऱ्या कॉलने, ‘लिहून झाले’ असे कळवल्यावरच. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींच्या लक्षात आले की लेखन फसल्यावर लिनक्स ती त्रुटी एकदा कळवून मेमरीतले ते पान (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) स्वच्छ, म्हणजे डिस्कवर उतरल्याची नोंद करू शकतो. मग पुन्हा एफसिंक केला, तर तो यशस्वी ठरतो आणि डेटा मात्र डिस्कवर नसतो. तेव्हापासून पोस्टग्रेस अशा त्रुटीनंतर पुन्हा प्रयत्न न करता स्वतःहून कोसळतो आणि लॉगवरून उभा राहतो. हा बदल फेब्रुवारी २०१९ च्या सुधारित आवृत्त्यांत आला, त्यामुळे त्याआधीची आवृत्ती अजून चालवणाऱ्यांनी ती बदलावी हे उत्तम.

कर्नल खरे बोलला, तरी डिस्क खोटे बोलू शकते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिड कोसळून मुंबईची वीज गेली, तेव्हा मोठ्या डेटा सेंटरांची जनरेटर होती. पण अंधेरीतल्या एखाद्या गाळ्यात जुन्या यूपीएसवर चालणाऱ्या सर्व्हरचा सगळा भरवसा डिस्कच्या कॅशवर, म्हणजे तिच्यातल्या तात्पुरत्या मेमरीवर होता. तपासणी सोपी आहे. पोस्टग्रेससोबत येणारे पीजी टेस्ट एफसिंक हे साधन चालवावे. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते आणि एका फेऱ्यात साधारण एकच एफसिंक पुरा होतो. तिने सेकंदाला हजारो एफसिंक दाखवले, तर मधली कुठली तरी कॅश डेटा धरून ठेवते आहे आणि तिला बॅटरी नसेल, तर वीज जाताच तो डेटाही जाईल. एसएसडी घेताना वीज गेल्यावरही लेखन पुरे करण्याची सोय तिच्यात आहे का, हे वेगाच्या आकड्यांआधी विचारावे.

बाकीचे थोडक्यात. डिस्कवर न उतरलेल्या पानांची मर्यादा टक्क्यांत ठेवू नये. १२८ जीबीच्या मशीनवर १० टक्के म्हणजे सुमारे १३ जीबी, आणि ते एकदम लिहायची पाळी आली की चेकपॉइंटला (डेटाबेस साठलेले बदल डिस्कवर उतरवतो तेव्हा) सर्व्हर गुदमरतो. ती बाइटमध्ये द्यावी. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसबाबत (मेमरीची पाने कर्नलने आपोआप मोठ्या आकाराची करण्याबाबत) त्या त्या डेटाबेसचे म्हणणे वाचावे, कारण मोंगोडीबीने इतकी वर्षे ती बंद ठेवायला सांगून ८.० पासून चालू ठेवायला सांगितले आहे.

हे बदल फक्त कमांड देऊन केले, तर रीबूटनंतर नाहीसे होतात. सिसकंट्रोलची, म्हणजे ओव्हरकमिट आणि स्वॅपिनेससारख्या कर्नल सेटिंग्जची, मूल्ये त्याच्या फाइलीत लिहावी लागतात, तर ह्यूज पेजेसची सोय बूटच्या ओळीत किंवा ट्यून्ड या सेटिंग्ज लावणाऱ्या साधनाच्या प्रोफाइलमध्ये करावी लागते. उघड्या फाइलींची मर्यादा लिमिट्सच्या फाइलीत वाढवली, तरी सिस्टिमडीने (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेने) सुरू केलेल्या सेवेला ती लागू होत नाही. ती सेवेच्या युनिट फाइलीतच द्यावी. यासाठी ग्राहकांचे काम नसताना मशीन एकदा मुद्दाम रीबूट करून चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फोल्डरमधील नोंदीत प्रत्यक्ष मर्यादा वाचावी आणि मगच सर्व्हर कामाला सोपवावा.