अठराव्या वर्षी शहर दुसरेच ठरवतात: रिचमंडचे आठ पिक आणि घरची ओढ

मेलबर्नला ऑक्टोबर आला की ऑफिसात, ट्रेनमध्ये, सलूनमध्ये एकच विषय असतो: कुठला खेळाडू कुठल्या क्लबात जाणार आणि बदल्यात काय मिळणार. फूटीचा, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या एएफएल लीगचा, मोसम सप्टेंबरअखेरीस संपलेला असतो. ट्रेडचे, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचे, जेमतेम दहा दिवस आणि मग नोव्हेंबरातला ड्राफ्ट, जिथे क्लब पाळीपाळीने नवी मुलं निवडतात, यात पुढच्या चार-पाच वर्षांची बेगमी होते. या सगळ्यात भारतातून आलेल्या माणसाला एक नियम मुळापासून हलवतो. बारावीच्या वयाचा मुलगा ड्राफ्टला नाव देतो. त्याने कुठे राहायचं, हे तो ठरवत नाही. ज्या क्लबने नाव पुकारलं, त्या शहरात जायचं. मेलबर्नचा मुलगा पर्थला जाऊ शकतो, म्हणजे विमानाने चार तास आणि घड्याळात दोन-तीन तासांचा फरक. ड्राफ्ट नोव्हेंबरात होतो आणि इथल्या बारावीचा निकाल डिसेंबरात लागतो. म्हणजे मार्क कळण्याआधी गाव ठरलेलं असतं.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडची उलटी बाजू म्हणा. तिथे मुलगा कॉलेजांचा पसंतीक्रम भरतो, इथे कॉलेजं मुलांचा भरतात, आणि सर्वांत आधी निवडण्याचा हक्क सर्वांत नापास कॉलेजाला मिळतो. पिक म्हणजे निवडीचा क्रमांक: तळाच्या क्लबला पिक 1, विजेत्याला फेरीतला शेवटचा. 1986 पासून हे असंच चालू आहे. पैसे फेकून पहिला पिक विकत घेता येत नाही. आयपीएलच्या लिलावाशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि लिलावातही खेळाडू संघ निवडत नाही हे खरंच आहे. पण आयपीएल दोन महिन्यांची; मुलगा पुन्हा सांगलीला किंवा जालन्याला घरी येतो. इथला करार वर्षाचे बाराही महिने बांधून ठेवतो, आणि सराव नोव्हेंबरच्या शेवटीच सुरू होतो.

क्लबच्या अंगाने हे समजून घ्यायला रिचमंडसारखं दुसरं उदाहरण नाही. पिवळ्या-काळ्या पट्ट्याचे टायगर्स, एमसीजीच्या शेजारी पंट रोडवर बसलेले. 2017, 2019 आणि 2020 असे चार वर्षांत तीन चषक. त्यानंतर 2022 मध्ये त्यांनी ठरवलं की अजून एक चषक शिल्लक आहे, आणि सिडनीच्या जायंट्स क्लबकडून दोन तयार मिडफिल्डर आणले. टिम टॅरँटोसाठी पिक 12 आणि 19 दिले, जेकब हॉपरसाठी पिक 31 आणि 2023 ची पहिली फेरी, म्हणजे त्या वर्षीचा पहिल्या फेरीतला आपला पिक. दोघांशी सात-सात वर्षांचे करार केले. खेळाडू चांगलेच होते. चूक होती ती वेळेची. पुढच्या वर्षाची पहिली फेरी देणारा क्लब मनात धरून चालतो की आपण वर राहू आणि तो पिक मागचा ठरेल. घसरलात तर तुमचं अपयश समोरच्याच्या खात्यात जमा होतं. रिचमंड घसरलं. 2022 आणि 2023, सलग दोन ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत त्यांचं नाव नव्हतं. 2024 मध्ये 23 सामन्यांत फक्त 2 विजय मिळाले आणि संघ थेट तळाला गेला.

अशा वेळी यादी सांभाळणारी माणसं पहिल्यांदा वयाचा तक्ता मांडतात. एका बाजूला 30 च्या आसपासचे, दुसऱ्या बाजूला 20-21 चे, आणि मधली 23 ते 27 ची जागा भकास. चषक जिंकणारे संघ याच मधल्या वयावर उभे असतात. मग प्राधान्य आपोआप ठरतं. तीसच्या पुढच्यांना निरोप द्यायचा, आणि मधल्या वयाचे जे बाजारात किंमत आणतात त्यांच्या बदल्यात एकाच वयाची मोठी तुकडी जमवायची. डस्टिन मार्टिन आणि डिलन ग्राइम्स निवृत्त झाले. डॅनियल रिओली गोल्ड कोस्टला गेला, त्याचा जुना प्रशिक्षक डेमियन हार्डविक जिथे होता तिथे. बदल्यात पिक 6 आणि 23 आले. शाय बोल्टन फ्रीमँटलला गेला आणि 10, 11, 18 हे पिक आले. लियम बेकर वेस्ट कोस्टला गेला. जॅक ग्रॅहमही तिथेच, पण तो फ्री एजंट म्हणून, म्हणजे करार संपल्यावर स्वतः क्लब निवडून. एका क्लबकडे आठ वर्षं झाली की हा हक्क मिळतो. क्लबला समोरच्याकडून काही मिळत नाही, लीग भरपाईचा पिक देते. सगळं धरून रिचमंडच्या हातात पहिल्या 24 मध्ये आठ पिक आले.

यातल्या दोन नावांपाशी थांबायला हवं. बोल्टन आणि बेकर दोघेही पश्चिम ऑस्ट्रेलियाचे, आणि दोघेही घराच्या दिशेने गेले. बोल्टनचा करार तर अजून बरीच वर्षं बाकी होता. इथला कायदा असा: 18 व्या वर्षी मुलाला काही विचारत नाहीत, पण एकदा यादीत आला की त्याच्या सहीशिवाय त्याला दुसरीकडे पाठवता येत नाही. आणि तो स्वतःच म्हणाला की मला घरी जायचंय, तर क्लब नाही म्हणू शकतो, पण सहसा म्हणत नाही. मन नसलेला खेळाडू ठेवून घेण्यापेक्षा त्याची चांगली किंमत घेतलेली बरी. जिल्हा परिषदेतल्या गुरुजींच्या आंतरजिल्हा बदलीसारखं आहे हे. नेमणूक गडचिरोलीला, घर साताऱ्याला, आणि डोक्यात रोज तोच अर्ज. फरक इतकाच की इथे तो अर्ज क्लबच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. त्याला नावही आहे: गो होम फॅक्टर.

तो हिशेब कसा करतात? भरती करणारी माणसं मुलाच्या घरी जातात, अगदी स्थळ बघायला यावीत तशी. आईवडिलांशी, शाळेतल्या शिक्षकांशी, ज्युनियर संघाच्या प्रशिक्षकांशी बोलतात. मुलगा याआधी कधी घराबाहेर राहिलाय का, बोर्डिंग शाळेत होता का, भावंडं किती, प्रेमप्रकरण कुठल्या गावी आहे, बाहेरगावी गेल्यावर फोन कोणाला करतो. 20 मीटरची धाव, उंच उडी, 2 किलोमीटरची वेळ ही माहिती सगळ्या 18 क्लबांकडे सारखीच असते. घरातली माहिती ज्याची पक्की, तो पुढे. दोन मुलं खेळात बरोबरीची असली तर जवळचा घेतात. दूरचा स्पष्ट वरचढ असला तरच तो घेतात, आणि त्यासोबत त्याला धरून ठेवण्याचा खर्चही मान्य करतात: चांगलं यजमान कुटुंब, त्याच राज्यातला एखादा वडीलधारा सहकारी, मोसमात दोन-तीनदा घरी जायची मुभा, आणि पहिला करार संपण्याच्या बऱ्याच आधी पुढचा करार.

हे केलं नाही तर काय होतं ते ब्रिस्बेनने 2013 मध्ये भोगलं. सॅम डॉकर्टी, इलियट यो, जॅरेड पोलेक, बिली लाँगर आणि पॅट्रिक कार्नेझिस, एकाच मोसमाअखेरीस पाच तरुण निघून गेले. यो पुढे 2018 मध्ये वेस्ट कोस्टकडून चषक जिंकला. त्याच ब्रिस्बेनने नंतर माणसं धरून ठेवणं हेच काम मानलं, आणि 2024 व 2025 चे दोन्ही चषक तिथे गेले. दुसरं उदाहरण नॉर्थ मेलबर्नचं. 2021 चा पिक 1, जेसन हॉर्न-फ्रान्सिस, दक्षिण ऑस्ट्रेलियाचा मुलगा. एका मोसमात त्याने घर मागितलं आणि पोर्ट ॲडलेडला गेला. चार क्लबांच्या त्या देवाणघेवाणीत नॉर्थने त्याच्यासोबत 2022 चा पिक 1 सुद्धा सोडला आणि पिक 2 व 3 घेतले. त्यातून हॅरी शीझेल आणि जॉर्ज वॉर्डलॉ आले. दोघेही व्हिक्टोरियाचे, हे ओघानेच आलं.

इथे टीव्हीवर आणि रेडिओवर घरी जाऊ मागणाऱ्या मुलाला कच्चा म्हणतात, आणि ते मला पटत नाही. या देशातले लोक स्वतःच्या राज्याबाहेर गेले तरी भाषा तीच, दुकानं तीच, शाळेची पद्धत तीच. तरीही 19 वर्षांच्या मुलाला ते जड जातं, तर ते जड असतंच. आपल्याकडे कोल्हापूरचा पोरगा मुंबईच्या मैदानासाठी 14 व्या वर्षी मामाकडे राहतो, रोज लोकलने ये-जा करतो, आणि कुणी त्याला कसं वाटतं ते विचारत नाही. आपण त्याला जिद्द म्हणतो. ती जिद्द असतेच, आणि तिचा मला अभिमान आहे. पण विचारण्याची, ते कागदावर मांडण्याची आणि त्यावर पैसे खर्च करण्याची इथली रीत चांगली आहे. ज्यांनी घर सोडलं आणि परत गेले नाहीत, त्यांचं दुखणं परत जाणाऱ्यांपेक्षा कमी असतं असंही नाही. त्यांचा हिशेब फक्त वेगळा बसला.

आता रिचमंडने 20 नोव्हेंबर 2024 पासून दोन रात्रींत काय केलं ते पाहा. हातातले आकडे जसेच्या तसे राहत नाहीत. वडील एखाद्या क्लबकडून 100 सामने खेळले असतील, तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क असतो. क्लबच्या अकादमीतल्या मुलांवरही तसाच. दुसऱ्या क्लबने नाव पुकारलं की हक्काच्या क्लबने तितक्या किमतीचे पिक भरायचे. किमतीचा तक्ता ठरलेला आहे. त्या वर्षी पिक 1 म्हणजे 3000 गुण, पिक 5 म्हणजे 1878, पिक 10 म्हणजे 1395, पिक 18 म्हणजे 985. पहिल्या फेरीत 20 टक्के सूट होती, म्हणजे 5 क्रमांकाचा मुलगा साधारण 1502 गुणांत, आणि तेही मागच्या फेऱ्यांतले चिल्लर पिक गोळा करून. ब्रिस्बेनने लेव्ही ॲशक्रॉफ्ट 5 वर असाच घेतला, गोल्ड कोस्टने लिओ लोम्बार्ड 9 वर, एसेंडनने आयझॅक काको 13 वर. प्रत्येक वेळी मागचे सगळे एक पायरी सरकले. रिचमंडचा 6 चा 7 झाला, 10 चा 12, 11 चा 14. विजेत्या संघाला इतकी सूट देणं मला अन्यायाचं वाटत होतं. 2025 पासून ती 10 टक्क्यांवर आली आणि मागच्या पिकांची किंमतही उतरवली, ते योग्यच झालं.

निवडींचा क्रम विचारपूर्वक होता. आधी चेंडू जिंकणारे: 1 वर बॅकस मार्शचा सॅम लेलर, अंगाने भक्कम, पुढच्या भागात जाऊन गोलही करणारा. 7 वर उंच मिडफिल्डर जॉश स्मिली. 12 वर ताज हॉटन, ज्याच्या गुडघ्याचं लिगामेंट त्याच वर्षी फाटलं होतं. असा मुलगा आजच्या गरजेसाठी घेत नाहीत. साधारण वर्षभर मैदान नाही हे मान्य करून, एरवी वर गेला असता तो 12 वर मिळाला म्हणून घेतात. आठ पिक असलेल्या क्लबलाच हे परवडतं; एकच पिक असलेल्याने हा धोका पत्करू नये.

मग उंच मुलं. 14 वर जाँटी फॉल, 21 वर बचावातला ल्यूक ट्रेनर, 23 वर हॅरी आर्मस्ट्राँग, 28 वर टॉम सिम्स. उंच मुलांना शरीर भरायला तीन-चार वर्षं लागतात, त्यामुळे त्यांना आधी घेऊन ठेवायचं; पंचविशीतल्या बचावपटूंविरुद्ध लगेच उभं केलं तर खांदे आणि आत्मविश्वास दोन्ही मोडतात. एका ड्राफ्टमध्ये तीन उंच फॉरवर्ड हे कुणाला जास्त वाटेल. पण त्यातला एखादा जमत नाही, हे गृहीत धरूनच इतके घेतात. रकमन, म्हणजे वर उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारा संघातला सर्वांत उंच गडी, मात्र पहिल्या फेरीत शोधत नाहीत. तो 23-24 व्या वर्षी पिकतो, म्हणून दुसऱ्याने पिकवलेला आणायचा. टोबी नँकर्व्हिस सिडनीकडून 2016 च्या ट्रेडमध्ये असाच आला आणि पुढे कर्णधार झाला.

सर्वांत हुशारीची चाल 23 वरून 27 वर सरकलेल्या पिकाची होती. नॉर्थ मेलबर्नला मॅट व्हिटलॉक हा उंच मुलगा हवाच होता. रिचमंडने तो पिक आणि स्वतःची 2025 ची दुसरी फेरी दिली, आणि नॉर्थची 2025 ची पहिली फेरी घेतली. नॉर्थ 16 वे आले आणि तो पिक पहिल्या चारात निघाला. कार्लटनने 2018 मध्ये लियम स्टॉकरसाठी ॲडलेडशी असाच व्यवहार करून पुढच्या वर्षाची पहिली फेरी अदलाबदलीत दिली होती. कार्लटनची फेरी वरची निघाली, ॲडलेडची मागची, आणि 2022 च्या शेवटी स्टॉकर कार्लटनच्या यादीतही उरला नाही. एका रात्रीच्या घाईपोटी पुढचं वर्ष गहाण टाकू नये, हे सहा वर्षांनी रिचमंडला लक्षात होतं.

आठही मुलं व्हिक्टोरियाची आहेत, शेवटचा 58 वरचा जॅस्पर अल्जर धरून. पण घरचे असले म्हणून धोका संपत नाही, त्याचं रूप बदलतं. एकाच वर्षी घेतलेल्यांचे करार साधारण एकाच सुमारास संपतात, आणि आठ एजंट एकाच महिन्यात दाराशी येतात. म्हणून दोघा-तिघांचे करार आधीच लांबवून ठेवायचे. पगाराच्या मर्यादेचा बहुतांश भाग दरवर्षी खर्चावाच लागतो; संघ तरुण असताना जुन्या करारांचे पुढच्या वर्षांचे पैसे अलीकडे ओढून आत्ताच फेडायचे, म्हणजे ही मुलं 23 ची होताना हात मोकळा राहतो. 2025 मध्ये संघ 17 वा आला, 5 विजय. तक्त्याच्या मानाने हे अपेक्षितच होतं. त्या वर्षी घाबरून तिशीतला खेळाडू विकत आणला नाही, हे महत्त्वाचं.

2028 ला टास्मानियाचा संघ येतोय, एकोणिसावा. त्याआधीच्या ड्राफ्टमध्ये त्यांना सवलतीचे पिक मिळतील आणि बाकीचे सगळे मागे सरकतील, म्हणून ज्यांना तुकडी बांधायची आहे त्यांना ती 2026 पर्यंत बांधावी लागते. आणि टास्मानिया ड्राफ्टमध्ये उतरेल त्या वर्षी त्यांची भरती करणारी माणसं पर्थ-ॲडलेडच्या स्वयंपाकघरांत बसून एक नवा प्रश्न विचारतील: होबार्टची थंडी तुमच्या मुलाला झेपेल का?