बाजावाचा सोमवार

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाची सहल कोणाकडूनही आखून घ्या, बाजावा या गावापुढे एकच शब्द लिहिलेला असतो : मुक्काम. लाबुआन बाजोहून कोमोडोचे ड्रॅगन बघायचे, रुतेंगजवळची मध्यापासून कडेपर्यंत पाचरी पाडलेली गोल भातशेतं बघायची, दिवेलागणीला बाजावात शिरायचं, सकाळी बेना गाव उरकायचं आणि केलिमुतूच्या रंगीत तळ्यांकडे सुटायचं. आमच्या ड्रायव्हरनेही हेच सुचवलं. 'बाजावात काय आहे? ऑफिसं आहेत,' असं त्याचं म्हणणं. त्या ऑफिसांपाशीच मी रमले, म्हणून हे लिहितेय.

रुतेंगहून बाजावाला येणारा रस्ता वळणांचा आहे, एवढं सांगून पुरत नाही. सरळ रस्ता असा नाहीच. मध्ये आयमेरेला समुद्रकाठी उतरतो. तिथे रस्त्याच्या कडेला ताडीपासून मोके नावाची दारू गाळणाऱ्या भट्ट्या लागतात. मग गाडी पुन्हा चढायला लागते. मागच्या सीटवरची एक शाळकरी मुलगी अख्खा घाट प्लास्टिकची पिशवी तोंडाशी धरून बसली होती आणि तिची आई तिची पाठ चोळत होती. मीही आवळासुपारी चघळत डोळे मिटून घेतले.

बाजावा साधारण ११०० मीटर उंचीवर आहे. दक्षिणेला इनेरिये हा २२४५ मीटरचा ज्वालामुखी उभा आहे आणि गावाभोवती ज्वालामुखीच्याच राखेतून, दगडांतून तयार झालेल्या लहान लहान टेकड्या आहेत. फ्लोरेसच्या आतल्या भागावर डच सैन्याने १९०७ साली जम बसवला, त्यानंतर हे गाव कारभाराचं ठिकाण झालं. १९५८ साली नुसा तेंगारा तिमूर प्रांत झाला तेव्हा न्गादा जिल्हाही झाला आणि बाजावा त्याचं मुख्य ठिकाण. २००७ साली या जिल्ह्यातून नागेकेओ वेगळा निघाला, त्याची कचेरी खाली म्बाय गावी गेली. उरलेल्या न्गादात २०२० च्या जनगणनेत सुमारे १ लाख ६५ हजार माणसं होती. त्यांचं लग्न, जन्म, मृत्यू, जमीन, शाळा, नोकरी असं जे जे कागदावर येतं, ते सगळं बाजावात येतं.

आमची खोली स्वच्छ होती, पण पांघरूण पातळ होतं आणि इथे रात्री चांगलंच गारठतं. मोजे, स्वेटर, वरून शाल, तरी पाय गरम होईनात. आंघोळीला हौदातलं पाणी आणि टमरेल. गिझर मागितला असता तर मिळाला नसता, पण मालकीणबाई रोज सकाळी न सांगता पातेलंभर पाणी तापवून दाराशी ठेवून जायच्या. मोठ्या हॉटेलांत राहिले आहे, असं कोणी केलेलं आठवत नाही. जेवणही त्यांच्याच हातचं. शेवग्याचा पाला घातलेलं पातळ सूप, पपईच्या फुलांची कडसर भाजी, भात, टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. पपईची फुलं मी पहिल्यांदाच खाल्ली आणि तिथे होतो तोवर रोज मागून घेतली. कॉफीबद्दल वेगळं काय सांगायचं! फ्लोरेस बाजावा अरेबिका या नावाला २०१२ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. परदेशी दुकानांत ती लहानशा पाकिटात महाग विकली जाते. इथे पेल्यात दोन चमचे पूड, वरून उकळतं पाणी, भरपूर साखर आणि गाळ खाली बसेपर्यंत गप्पा. मला हीच आवडली.

रविवारी चर्च. न्गादा लोक बहुतेक कॅथलिक आहेत. जवळच्या मातालोको गावी १९२९ पासून पाद्री घडवणारी सेमिनरी आहे. गायन ऐकत राहावं असं होतं. दुपारनंतर धुकं उतरलं आणि गाव दारं लावून बसलं.

आणि सोमवार उजाडला.

सकाळी सातच्या सुमारास रस्त्यावर खाकी गणवेशच गणवेश. इंडोनेशियात सरकारी कर्मचाऱ्यांना वाराप्रमाणे गणवेश असतो आणि सोमवारी खाकी. मोटारसायकलीवर पुढे मूल, मागे बायको, दोघंही खाकीत. कचेऱ्यांच्या पटांगणात रांगा लावून हजेरी झाली. तेवढ्यात खेड्यांकडून गाड्या यायला लागल्या. ट्रकला लाकडी बाकं ठोकून केलेल्या या गाड्यांना इथे ओतो कायू म्हणतात. टपावर केळीचे घड, अव्होकाडोची पोती, पाय बांधलेली कोंबडी. आत माणसं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर. बाजारात माल विकायचा आणि त्याच खेपेत कचेरीचं काम करायचं. मी मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावी वाढले. ते फोल्डर छातीशी धरण्याची पद्धत मला ओळखीची आहे.

पासपोर्टची झेरॉक्स हवी होती म्हणून एका दुकानात शिरले आणि पाऊस कोसळायला लागला. इथे कचेऱ्यांच्या आसपास झेरॉक्सची दुकानं पावलोपावली आहेत. दुकानात फळीवर एक आजोबा बसले होते. अंगात जाकीट, त्यावर खांद्यावरून घेतलेलं गडद निळं, घोड्यांची नक्षी विणलेलं वस्त्र, डोक्याला लोकरी टोपी. शेजारी विशीच्या आतली नात. तिला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं आणि मला कामापुरती इंडोनेशियन. पाऊस थांबेपर्यंत तिने मला सगळं समजावून सांगितलं.

तिला तिमूर बेटावरच्या कुपांगच्या नुसा चेंदाना विद्यापीठात शेती शिकायला जायचं होतं. गरीब घरच्या मुलांना सरकार फी आणि राहण्याचा खर्च देतं, त्या योजनेत अर्ज करायचा होता. पण शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव एका अक्षराने वेगळं आणि कुटुंबाच्या कार्डावर वेगळं. ते एक अक्षर जुळल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. म्हणून आधी गावच्या मुख्याचं पत्र, मग चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा, मग 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र. वडील मलेशियात मजुरीला गेलेले, आई शेतावर. म्हणून ओपा आले होते. फ्लोरेसमध्ये आजोबांना ओपा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले.

प्रतिज्ञापत्राला मातेराई लागतं. म्हणजे आपला रेव्हेन्यू स्टँपच, पण २०२१ पासून त्याची किंमत १० हजार रुपिया आहे, आपले पन्नासेक रुपये. दुकानातल्या मुलीने ते काळजीपूर्वक चिकटवलं आणि ओपांच्या हातात पेन दिलं. सही निम्मी तिकिटावर, निम्मी कागदावर यावी लागते, नाहीतर ती धरत नाहीत. ओपांनी आधी जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आपलं नाव तीनदा लिहून पाहिलं. मग उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरलं. दुकानातली मागची माणसं गप्प झाली. कोणी 'लवकर करा' म्हणालं नाही. पहिलं अक्षर कागदावर पडलं, पेन तिकिटाच्या चकचकीत कडेवर अडखळलं, त्यांनी हात उचलला नाही, तसंच दाबून पुढे नेलं. शेवटचं अक्षर तिकिटाच्या बरोबर मध्यावर संपलं. दुकानातल्या मुलीने कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, 'बागुस, ओपा.' छान झालं. तिने त्यांच्या झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत.

मग ओपांनी विणलेल्या पिशवीतून सुपारी काढली आणि माझ्यापुढे धरली. या बाजूला पाहुण्याचं पहिलं स्वागत सुपारीने होतं, नाही म्हणणं बरं दिसत नाही. आपल्याकडे पानात सुपारी बांधतात, इथे पान नसतं. नागवेलीसारख्याच वेलाला येणारी बोटाएवढी हिरवी लांबट शेंग असते, ती चुन्यात बुडवायची आणि सुपारीबरोबर चावायची. चव तिखट, झणझणीत, डोळ्यांत पाणी आणणारी. कानांतून वाफ निघतेय असं वाटलं. ओपा लाल दात दाखवत हसले आणि नातीला काहीतरी म्हणाले. तिने सांगितलं, 'उद्या आमच्या गावी या म्हणतायत.'

दुसऱ्या दिवशी आम्ही भाड्याच्या मोटारसायकलीवरून गेलो. गाव इनेरियेच्या पायथ्याशी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, पुढे काय झालं ते वाचाल तेव्हा कळेल. मध्ये लांब अंगण, दोन्ही बाजूंना उंच गवती छपरांची लाकडी घरं. अंगणात मोठमोठ्या उभ्या शिळा, आणि प्रत्येक कुळाचे न्गाधू आणि भागा. न्गाधू म्हणजे कोरलेला खांब आणि त्यावर मिटत आलेल्या छत्रीसारखं गवताचं छप्पर, हे त्या कुळातल्या मूळ पुरुषाचं स्थान. भागा म्हणजे छोटंसं घर, ते मूळ स्त्रीचं. काही घरांच्या छपरावर भाला घेतलेली माणसाची आकृती, काहींवर इवलंसं घर. ते बघून मूळ घर कोणतं आणि शाखा कोणती ते गावाला कळतं. ओसरीवर रेड्यांची शिंगं आणि डुकरांचे जबडे ओळीने टांगलेले, आजवर झालेल्या विधींचा हिशेब. घर मुलीकडे जातं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. म्हणजे ओपाही याच घरात जावई म्हणून आले, आणि पुढे हे घर त्या नातीच्या नावावर चालणार. तिच्या नावातल्या एका अक्षरासाठी म्हातारा माणूस पावसात जिल्ह्याच्या गावी का बसला होता, ते मला त्या ओसरीवर बसल्यावर नीट उमगलं.

आम्ही कॉफी पीत होतो तेवढ्यात पर्यटकांचा एक घोळका आला. त्यांच्याबरोबरच्या गाइडने अंगणाच्या मधोमध उभं राहून मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली, की ही माणसं हजारो वर्षांपूर्वी जशी राहत होती तशीच आजही राहतात, बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध नाही. कॅमेरे ओपांकडे वळले. त्यांना टोपी काढायला सांगितली, फोटोत बरी दिसत नाही म्हणून. ओपांनी काढली. हवेत गारठा होता, डोक्यावर केस नव्हते.

मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. कालच हा माणूस ३० किलोमीटरच्या आत असलेल्या कचेरीत सरकारी योजनेचा कागद घेऊन उभा होता. त्याचा जावई मलेशियात बांधकामावर आहे. नात इंग्रजी बोलते. या गावात कुळाचा खांबही आहे आणि कुटुंबाचं कार्डही आहे, आणि दोन्ही सांभाळताना या लोकांची ओढाताण होते. ती ओढाताण बघायची नसेल तर गवती छपरांचे फोटो काढून काय मिळवलं? मी उठून त्या घोळक्यातल्या एका बाईंशी बोलले, नातीची ओळख करून दिली. बाई चांगल्या होत्या. त्यांनी तिला काय शिकणार ते विचारलं, कॉफीच्या झाडांना लागणाऱ्या किडीबद्दल ती बराच वेळ सांगत राहिली. ओपांची टोपी मीच त्यांच्या हातात परत दिली. घोळका अर्ध्या तासात गेला, त्यांना संध्याकाळपर्यंत केलिमुतूच्या पायथ्याचं मोनी गाठायचं होतं.

बेना आम्हीही पाहिलं. सुंदर आहे, गर्दी फार. मालानागेला गरम पाण्याचा ओढा आणि थंड पाण्याचा ओढा एकत्र येतात, तिथे तासभर डुंबलो. सोआ राहिलं, रिउंगची बेटं राहिली. चुटपुट नाही.

तुम्ही फ्लोरेसला गेलात तर रविवारी संध्याकाळी बाजावात पोचा आणि सोमवारी कुठेही जाऊ नका. बाजारात फिरा, कचेऱ्यांच्या रस्त्यावरून चाला, झेरॉक्सच्या दुकानात एखादा कागद काढून घ्या. मग गावं बघायला जा. तिथे ओसरीवर बसलेली माणसं तुम्हाला आदल्या दिवशी रांगेत दिसलेली असतील.

नातीचा मेसेज आम्ही परत आल्यावर काही आठवड्यांनी आला. कार्डावरचं नाव दुरुस्त झालं, अर्ज दाखल झाला. पुढे प्रवेशही मिळाला आणि ती आयमेरेहून फेरीने कुपांगला गेली. आता तिला मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीबद्दल माहिती हवी आहे, कारण तिमूरमध्येही पाऊस कमी आणि तिच्या वर्गातली बरीच मुलं तिकडची. माझा भाऊ तूर आणि ज्वारी घेतो. या आठवड्यात त्याला फोनवर बसवून तिच्याशी बोलायला लावणार आहे.